सीलबंद डबी

मोबाईल वाजला तेव्हा नूतनच्या दातांत दोरा होता आणि समोरच्या खुर्चीतल्या बाईंची डावी भुवई अर्धी झाली होती. एरवी ती काम सोडून फोन घेत नसे. पण स्क्रीनवर चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंचं नाव होतं, म्हणून तिने दोरा सोडला आणि फोन कानाशी धरला. साक्षीचा रिपोर्ट आला आहे, त्या म्हणाल्या, रक्तात शिसं आहे, एक्केचाळीस. शिसं म्हटल्यावर नूतनला पेन्सिल आठवली, आणि तिच्या पोरीच्या अंगात पेन्सिल कशी जाईल हे तिला कळेना. "किती पाहिजे असते, मॅडम?" तिने विचारलं. "असायलाच नको. पाचाच्या वर गेलं की आम्हाला काळजी वाटते." खुर्चीतल्या बाई आरशातून बघत होत्या, एक भुवई कोरलेली, एक रानासारखी वाढलेली. डॉक्टरीणबाई पुढे सांगत होत्या की लोहाचं औषध चालू ठेवा, दूध-अंडं द्या, महिन्याने पुन्हा रक्त घेऊ, शिसं ओढून काढायचं औषध देण्याइतकी पातळी अजून नाही, आणि बाहेरून येतच राहिलं तर त्या औषधाचा उपयोगही नाही. आधी ते येतं कुठून ते शोधा. "ते तुमच्या घरातच आहे कुठेतरी. अडीच वर्षांचं मूल दुसरीकडे जातं कुठे?" फोन ठेवून नूतनने उरलेली भुवई पूर्ण केली. बाई गेल्यावर तिने पार्लरचं शटर अर्धं ओढलं आणि स्टुलावर बसून राहिली. तुमच्या घरातच आहे. आतल्या खोलीतून सासूचा आवाज येत होता, साक्षीला भरवतानाचा, आणि आज पहिल्यांदाच तो आवाज नूतनने कान देऊन ऐकला. ती काय भरवून राहिली आहे, कोणत्या वाटीतून, कोणत्या हाताने.

घर बल्लारपुरातल्या एका वस्तीत होतं, ओळीने तीन खोल्या. रस्त्याकडच्या खोलीत तिचं पार्लर, मधल्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, टीव्ही आणि पलंग, शेवटी स्वयंपाक आणि त्यामागे नळाचं छोटं अंगण. नूतनला वाटायचं की या घराचा कानाकोपरा तिला पाठ आहे. आता तेच घर तिला अनोळखी माणसाच्या घरासारखं दिसायला लागलं. खिडकीच्या चौकटीवरचा हिरवा रंग तिने नखाने खरवडून पाहिला. नळाखाली पाणी भरायचा पितळी गुंड होता, तो तिने पालथा घातला. साक्षीची प्लॅस्टिकची बदकं, हळदीचा डबा, कोपऱ्यावरच्या दुकानातून सुटी येणारी लाल गोळी, हवेत कायम असलेला कागद कारखान्याचा आंबूस वास, कपडे वाळत घातले की दोरीवर बसणारी काळी धूळ. प्रत्येक गोष्टीला आता दोन तोंडं होती. पोरगी गेल्या उन्हाळ्यापर्यंत बरी होती. पाणी, भूभू, आजी, दे, नको, असे वीस-बावीस शब्द तिने जमवले होते आणि नूतनने ते फोनमध्ये आवाजासकट साठवले होते. मग शब्द गळायला लागले. आधी भूभू गेला, मग पाणी. पोरगी पोट धरून बसायची, रागाने डोकं आपटायची, ओठ पांढरे पडले होते. सासू, कमलाबाई, म्हणाल्या, दात येऊन राह्यले. शेजारीण म्हणाली, नजर लागली. डॉक्टरीणबाईंनी तीन महिने टॉनिक देऊन पाहिलं आणि मग फाईलवर बापाचा धंदा वाचून ही वेगळी चाचणी लिहून दिली.

बापाचा धंदा. राजदीप बॅटऱ्यांच्या दुकानात कारागीर होता. जुन्या बॅटऱ्या उघडायच्या, आतल्या काळ्या पट्ट्या काढायच्या, नव्या बसवायच्या. नूतन लग्न होऊन आली तेव्हा त्याच्या पँटला आम्लाने पडलेली छिद्रं बघून तिला हसू आलं होतं, आणि तो म्हणाला होता, "नक्षी समज." आता ती संध्याकाळी दारात उभी राहिली आणि त्याच्या स्कूटरचा आवाज आल्यावर बाहेर गेली. तो उतरायच्या आत तिने सांगितलं, बॅटरीत शिसंच असते, नेटवर वाचलं मी, तुम्हीच आणून राह्यले घरात. राजदीप तसाच गाडीवर बसून राहिला. त्याने आपले हात उलटसुलट करून पाहिले. "मी त हात धुतो," तो म्हणाला. "कायनं?" "साबणानं. अजून कायनं धुते माणूस?" त्या रात्रीपासून त्याने अंगणात कपडे उतरवायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं, मगच आत यायचं असं ठरलं. थंडी सुरू झाली होती. तो थरथरत आत यायचा आणि साक्षी हात पसरून धावली की दोन पावलं मागे सरकायचा. नूतन त्याची नखं तपासायची. जेवताना तिची नजर त्याच्या बोटांवर असायची, झोपताना त्याच्या केसांवर. डॉक्टरीणबाईंनी त्याचंही रक्त तपासायला लावलं, सतरा निघालं. कामामुळे असणार, त्या म्हणाल्या, हातमोजे वापरा. नूतनने फक्त आकडा ऐकला. सतरा म्हणजे सापडला. तिला एक विचित्र समाधान वाटलं आणि त्या समाधानाची लाजही वाटली नाही. राजदीपने पलंग सोडला, पार्लरच्या खोलीत चटई टाकून तो झोपायला लागला. वरती आरसे, खाली तो, आणि पहाटे नूतन झाडायला आली की तो एखाद्या पाहुण्यासारखा घाईने चटई गुंडाळायचा.

महिन्याने साक्षीचं रक्त पुन्हा गेलं. चव्वेचाळीस.

म्हणजे तो नव्हता, किंवा एकटा तो नव्हता. नूतन फोन हातात धरून अंगणात उभी राहिली. घरात अजून कोण आहे. हा प्रश्न तिने स्वतःला विचारला तेव्हा उत्तर तिच्याजवळ आधीपासून तयारच होतं, असं तिला नंतर, पुष्कळ नंतर, कबूल करावं लागलं. कमलाबाई नातीच्या जन्मापासून इथे राहायला आल्या होत्या. पोंभुर्ण्याजवळच्या गावात त्यांचं घर होतं, धाकटा मुलगा विक्की तिथली धानाची शेती बघायचा. येताना त्या एक पत्र्याची पेटी घेऊन आल्या आणि पेटीत होती एक काशाची थाळी आणि एरंडेलाची शिशी. साक्षी बारा दिवसांची असताना त्यांनी अंगणात दिवा लावला, वर थाळी पालथी धरली, काजळी खरवडली आणि तळहातावर लोणी घेऊन बोटाने घोटायला बसल्या. नूतन दारातून बघत होती. त्या बोटाच्या नखाच्या कडेला काळं होतं. "आई, तिच्या डोळ्याले नका लावू," ती म्हणाली होती. "काऊन? राजदीपले लावलं, विक्कीले लावलं. डोळे पाह्य त्यायचे." "नका लावू म्हटलं न." कमलाबाईंनी तळहातावरची काजळी काही वेळ तशीच धरली आणि मग स्वतःच्याच डोळ्यांत ओढली.

नूतनला बोटांची भीती होती, आणि ती उगीच नव्हती. वरोऱ्याला, तिच्या माहेरी, तिचा धाकटा भाऊ रोशन वर्षाचा असताना एका लग्नात कोणा मावशीने पाच-सहा लेकरांना ओळीत बसवून एकाच डबीतलं काजळ एकाच बोटाने सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं होतं. चौथ्या दिवशी रोशनचे डोळे चिकटले. वडील त्याला घेऊन नागपूरला गेले. एक डोळा वाचला आणि दुसऱ्यावर पांढरा ठिपका राहिला. अजूनही तो कोणाशी बोलताना मान किंचित तिरपी धरतो, जणू समोरच्याचं त्याला पटत नाही. नूतन तेव्हा सात वर्षांची होती. भावाचा डोळा धुताना आई कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवायची आणि पाणी काळं व्हायचं, ते काळं पाणी तिने मोरीत ओतलं होतं, कितीदा तरी. पुढे ब्युटी पार्लरचा कोर्स करताना बाईंनी सांगितलं, एकीचा ब्रश दुसरीला लावायचा नाही, सील तुटलेली वस्तू घ्यायची नाही, तेव्हा वर्गात सगळ्यांत आधी तिने ते वहीत लिहून घेतलं. तिचं पार्लर त्याच एका गोष्टीसाठी ओळखलं जायचं. नूतनकडे सगळं स्वच्छ असते, बाया म्हणायच्या, सगळं पॅक फोडून वापरते.

पण सासूने ऐकलं असेल कशावरून. नूतन पार्लरमध्ये असते, आत आजी आणि नात असतात, दार लोटलेलं असतं. आता तिला सगळं आठवायला लागलं, आणि आठवलेलं प्रत्येक दृश्य आठवता आठवता बदलायला लागलं. दुपारी साक्षीच्या कपाळावर काळी तीट दिसायची. ती तीटच होती ना. कमलाबाई नूतन आत आली की बोट पदराला पुसायच्या, का पुसायच्या. एकदा तिने विचारलं होतं, आई, काय लावलं, आणि त्या म्हणाल्या होत्या, काई नाई. काई नाई कसं. तिने फोनवर शोधलं. काजळ आणि शिसं, एवढेच दोन शब्द टाकले, आणि पानंच्या पानं खाली सरकत गेली. लेकरं डोळे चोळतात, बोटं तोंडात घालतात, तसं पोटात जातं. तिने पुढचं वाचलं नाही. लागत होतं तेवढं मिळालं होतं. ती उठून शेवटच्या खोलीत गेली. कमलाबाई तांदूळ निवडत होत्या, साक्षी त्यांच्या मांडीला टेकून झोपली होती.

"आई, तुम्ही तिले काजळ लावून राह्यल्या न."

"नाई."

"खरं सांगा. नेटवर वाचलं मी, काजळातच शिसं असते. पोरगी बोलणं विसरली आपली."

कमलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "तुनं नको म्हटलं त्या दिवशीपासून तिच्या डोळ्याले माहं बोट लागलं नाई. कपाळाले लावतो. तेवढं लावतो मी."

"कपाळावरचं हातानं तोंडात नाई जात का?"

"दोन पोरं वाढवले मी त्याच्यावर, नूतन."

"त्यायचं रक्त कोणी तपासलं होतं का?"

हे वाक्य बोलल्यावर नूतनला वाटलं, आता त्या भांडतील, आणि तिला ते हवं होतं. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी साक्षीचं डोकं मांडीवरून अलगद उशीवर ठेवलं, पेटी ओढली, लुगडी भरली आणि विक्कीला फोन लावून सांगितलं, मले न्यायले ये. राजदीप दुकानातून आला तेव्हा आई अंगणात पेटीवर बसली होती. त्याने बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. स्वतःच महिनाभर संशयाखाली राहिलेला माणूस दुसऱ्याची बाजू कोणत्या तोंडाने घेणार, तसा तो उभा राहिला. विक्कीच्या मोटरसायकलवर पेटी मावेना. कमलाबाई म्हणाल्या, "राहू दे इथीच. पायजे असन तं तपासून घ्या." त्या गेल्या, आणि साक्षी उठल्यावर घरभर फिरून प्रत्येक दारामागे बघून आली. आजी हा शब्द तिच्याकडे अजून उरला होता. तो ती त्या संध्याकाळी पुष्कळदा म्हणाली.

तपासून घ्या म्हटल्यावर नूतनने खरंच तपासायचं ठरवलं. डॉक्टरीणबाईंनी चंद्रपुरातल्या एका कॉलेजचं नाव सांगितलं, तिथे भूगर्भशास्त्राचे प्रवीण सर आहेत, दगडांतले धातू बघायचं यंत्र आहे त्यांच्याकडे, मी बोलून ठेवते. नूतनने एका पिशवीत घर भरलं. नळाचं पाणी, हळद, हिरव्या रंगाचे कपचे, दोन बदकं, राजदीपच्या शर्टाचा कापलेला तुकडा, लाल गोळ्या, आणि पेटीतून काढलेली सासूची काजळाची डबी, थाळीसकट. डबी तिने वेगळ्या पिशवीत घातली, गाठ मारली. स्कुटीवरून जाताना ती पिशवी पायाशी होती आणि तिला सारखं वाटत होतं की आपण कोणाला तरी पोलिसांत द्यायला निघालो आहोत. विसापूर मागे पडलं, कोळशाचे ट्रक हळूहळू पुढे सरकत होते, आणि ती मनात सासूशी बोलत होती, शांतपणे, समजावून. मी तुम्हाले दोष नाई देत, आई. तुम्हाले माहीत नव्हतं. हे वाक्य तिला फार आवडलं. तिने ते दोन-तीनदा घोळवलं.

प्रवीण सर चाळिशीचे, कमी बोलणारे, टेबलावर दगडांचे तुकडे क्रमाने मांडलेले. त्यांचं यंत्र दिसायला पिस्तुलासारखं होतं. वस्तूवर टेकवायचं, खटका दाबायचा, मिनिटभर थांबायचं, मग मागच्या छोट्या पडद्यावर धातूंची नावं आणि आकडे येत. पाण्याबद्दल ते म्हणाले, हे या यंत्राचं काम नाही, बाटली ठेवून जा. हळद स्वच्छ. गोळ्या स्वच्छ. रंगाच्या कपच्यांत थोडं शिसं होतं, पण पोरगी खिडकी चाटत नसेल तर एवढ्याने एवढं होणार नाही. शर्टाच्या तुकड्यात थोडं. बदकं स्वच्छ. मग त्यांनी गाठ सोडली, डबी उघडली आणि यंत्र टेकवलं. नूतनने हाताची घडी घातली. ते एक मिनिट तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत खात्रीचं मिनिट होतं. "काही नाही यात," सर म्हणाले. "परत करा न सर." त्यांनी परत केलं. थाळीवरही टेकवलं. "काजळी आणि तूप-लोणी काहीतरी आहे. शिसं नाही." ते यंत्र ठेवणार होते. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, जरा संकोचून, परक्या बाईच्या डोळ्यांत बघावं लागल्यासारखं. "तुम्ही काय लावता?"

"मी? माझं कंपनीचं असते. हर्बल. सीलबंद येते."

"आहे का जवळ?"

पर्समध्येच होती. पितळी रंगाची, बोटाच्या पेराएवढी डबी, आत सळई, वर हिरव्या पानाचं चित्र. रोज सकाळी पार्लर उघडायच्या आधी नूतन आरशासमोर बसायची, साक्षीला मांडीवर घ्यायची, आधी स्वतःच्या डोळ्यांत सळई फिरवायची, मग कापसाने पुसून साक्षीच्या. पुसून. आजीच्या बोटाऐवजी ही स्वच्छ सळई. पोरगी त्या वेळी अजिबात रडायची नाही, मान वर करून डोळे मोठे करून बसायची, आणि नूतनला ती दिवसातली सगळ्यांत सुंदर वेळ वाटायची. कमलाबाईही ते रोज बघायच्या, पण सीलबंद डबीवर संशय घ्यावा असं दोघींच्याही मनात आलं नव्हतं. सरांनी डबीतली भुकटी कागदावर ओतली. ती काळी होती पण तिच्यात चमक होती, बारीक, चांदीसारखी. ती चमक बघूनच नूतनने हा माल निवडला होता. यंत्र टेकवलं. मिनिट संपायच्या आधीच सरांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "शंभरात बासष्ट," ते म्हणाले. "हा सुरमा आहे, ताई. शिशाचाच दगड दळलेला. काजळ नाव छापलंय फक्त." त्यांनी डबी उलटी करून पाहिली. "बनवणाऱ्याचा पत्ताच नाही यावर." नूतनने तसल्या डब्या तीन वर्षं हाताळल्या होत्या. शुद्ध हा शब्द तिने वाचला होता, हर्बल वाचला होता. पत्ता नाही हे तिने कधी वाचलं नव्हतं.

खाली मोटरसायकली लावायच्या जागेजवळ नळ होता. ती ओंजळीने डोळे धूत राहिली. कॉलेजच्या पोरी बाजूने जाताना वळून बघत होत्या. काळं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. तीन वर्षं, म्हणजे पोरगी पोटात होती तेव्हाही. हा हिशेब तिने केला नाही, तो आपोआप झाला. पुढे डॉक्टरीणबाईंनी नूतनचंही रक्त घेतलं, आणि ते नवऱ्यापेक्षा जास्त निघालं, तेवीस, तेव्हा तिला त्याचं नवलही वाटलं नाही. त्या नळाशी मात्र तिने एक वाईट गोष्ट केली, म्हणजे मनात केली. यंत्र बिघडलं असेल, तिला वाटलं. सरांना डॉक्टरीणबाईंनी काही सांगितलं असेल. मग तिने माल देणाऱ्या कलाबाईला फोन लावला. कलाबाई महिन्यातून एकदा तेलंगणाकडून येणाऱ्या गाडीतून उतरायची, पाठीवर मोठी पिशवी, पिना, कंगवे, दोरे, डब्या. "ते काजळ कुठून आणता तुम्ही?" नूतनचा आवाज तिलाच परका वाटला. "ठोकवाला देतो न, बाई. काऊन, कमी पडलं का?" "शिसं आहे त्याच्यात." कलाबाई म्हणाली, "मी सोता तेच लावतो. पंधरा वरसं झाले." तिच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, नूतनने ती शोधून पाहिली, आणि सापडली नाही. तिला कलाबाईची बोटं आठवली, सुटे पैसे मोजताना नेहमी थरथरणारी. थंडीने होते, कलाबाई म्हणायची. मे महिन्यातही म्हणायची. "तुम्ही पण लावू नका," नूतन म्हणाली, "अन् रक्त तपासा," आणि समोरून काही उत्तर यायच्या आत तिने फोन ठेवला.

राजदीपला तिने अंगणातच सांगितलं, तो डोक्यावर पाणी घेत असताना. त्याने तांब्या खाली ठेवला. त्याला राग यावा म्हणून ती थांबली होती. तो म्हणाला, "आईले कोण सांगन?" एवढंच. मग टॉवेल गुंडाळून आत आला, आणि साक्षी धावत आली तेव्हा पहिल्यांदाच मागे सरकला नाही.

रविवारी ती साक्षीला पुढे उभी करून स्कुटीवर निघाली. पोंभुर्ण्याच्या रस्त्याला सागाची पानं गळून वाटेवर पडलेली, वाऱ्याने ती गाडीखाली येऊन चुरत होती. कमलाबाईंच्या अंगणात धानाची रास होती आणि त्या सुपाने पाखडत होत्या. नातीला बघून त्यांनी सूप टाकलं, पोरगी त्यांच्या पायांना बिलगली, आणि त्या तिला उचलून गालाला गाल लावून पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या, नूतनकडे न बघता. नूतनने जे झालं ते सरळ सांगितलं. तुमच्या डबीत काही नव्हतं. माझ्या डबीत होतं. मीच लावत होती, रोज. तिने रस्त्यात जमवलेली वाक्यं होती, माफ करा वगैरे, ती बाहेर आली नाहीत. कमलाबाईंनी ऐकून घेतलं. कोंबड्या धानावर येत होत्या, त्यांनी हातानेच हाकललं.

"पोरगी बोलन का?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर म्हणते, बोलन. पण किती गेलं, किती राहिलं, ते आत्ता नाई सांगता येत."

"हं." त्यांनी नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी येईन. पण तुह्या म्हणण्यानं नाई येत. हिच्यासाठी येईन."

"हो, आई."

"अन् बाकीच्यायचं काय?"

"कोण बाकीच्या?"

कमलाबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग असता तर नूतनला सोपं गेलं असतं. "तू पार्लरवाली होय न. तुनं एकलीनंच लावलं का ते?"

परतीच्या रस्त्यावर नूतनला चेहरे दिसत राहिले. तिला नावं पटकन आठवत नसत, भुवया आठवत. जाड, जुळलेल्या, विरळ, मधे तुटलेल्या, डाव्या बाजूला व्रण असलेल्या. किती नवऱ्यामुलींच्या डोळ्यांत तिने ती चमक भरली होती, आणि लग्नानंतर त्या बाळंत झाल्या की तीच डबी कागदात गुंडाळून भेट दिली होती. घरचं नको लावू, हे लाव, स्वच्छ आहे. हे ती अगदी ठसवून सांगायची, भावाच्या डोळ्याची गोष्ट सांगून. तिच्या डोक्यात एक वेगळा आवाज सुरू झाला. कोणी विचारलं तर. कोणाचं लेकरू खरंच तसं निघालं तर. पार्लर बंद पाडतील, दारात येतील, पोलिसांत जातील. आणि तू सांगितलंच नाहीस तर कोणाला कळणार आहे. शब्द गळतात तेव्हा लोक दात म्हणतात, नजर म्हणतात. हा आवाज तिला ओळखीचा वाटला, आणि आता तिचा सगळ्यांत जास्त संशय त्याच्यावरच होता. ती घरी न थांबता पुढच्या वस्तीत गेली, कारण सगळ्यांत लहान लेकरू तिथे होतं.

रंजीताचं बाळ चार महिन्यांचं होतं. तिचं लग्नाचं सगळं नूतननेच केलं होतं. नवरा खाणीत, सासू भागीरथाबाई. दार उघडं होतं. बाळ खाटेवर हातपाय हलवत पडलेलं, डोळ्यांच्या कडा काळ्याभोर, कडेला चमक. नूतन आत न जाता उंबऱ्यावरूनच बोलली. रंजीताने ऐकता ऐकता बाळ उचललं. भागीरथाबाई आतून येऊन दाराशी उभ्या राहिल्या.

"तुम्हीच देल्लं होतं न," रंजीता म्हणाली.

"हो."

"अन् आता तुम्हीच म्हणता जहर आहे. दुसरं काही विकायचं आहे का?"

"नाई. काहीच नाई विकत आता." नूतनने फोनमधला साक्षीचा रिपोर्ट पुढे धरला. रंजीताने तो हातात घेतला नाही, दुरूनच वाचला.

"हे तुमच्या पोरीचं आहे कशावरून?"

नूतनने मागे वळून पाहिलं. साक्षी स्कुटीला धरून उभी होती, आपल्याच विचारात, ओठ हलवत, आवाज न काढता. रंजीताने तिच्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ. मग पदराचं टोक थुंकीने ओलं करून बाळाचा डोळा पुसायला लागली. "कोरड्या कापसानं काढ, नाई तं साध्या पाण्यानं," नूतन म्हणाली आणि एक पाऊल पुढे आली. भागीरथाबाईंनी हात आडवा केला. "तू तिथूनच सांग, बाई." नूतन तिथूनच बोलली. चाचणीचं नाव, डॉक्टरीणबाईंचा नंबर, डबी फेकू नको, तपासायला ठेव. रंजीताने कागद मागितला. नूतनने भिंतीला टेकवून लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं. रंजीताने त्या कागदाचा फोनमध्ये फोटो काढला. मग फोन वर केला.

"तुमचा बी काढतो. मांगून तुम्ही म्हणाल, मी आलीच नव्हती."

नूतन नको म्हणाली नाही. उंबऱ्यावर तिच्या तोंडावर सावली पडत होती, म्हणून ती दोन पावलं मागे, अंगणातल्या उन्हात गेली आणि रंजीताकडे सरळ बघत उभी राहिली. डोळे धुतलेले, भुवया वाढलेल्या. भागीरथाबाईंचा हात अजून दारात आडवाच होता. फोटो निघाल्यावर तिने साक्षीला गाडीवर घेतलं आणि विचारलं, "या गल्लीत गेल्या वर्षी बाळंत झालेली अजून एक होती न. तिचं घर कोणतं?"

रंजीताने फोन कमरेला खोचला. मग बाळ खांद्यावर घेऊन ती बाहेर आली, आणि म्हणाली, "चला. मी बी येतो. तुम्ही काय सांगता ते आयकतो."